कर भरतो, मग पुस्तक का मागत नाही?

घरपट्टीची पावती आपल्यापैकी किती जण वाचतात? आपण रक्कम पाहतो, यंदा एवढी कशी वाढली म्हणून पंचायतीच्या दारात दोन शब्द बोलतो आणि पावतीची घडी घालून पत्र्याच्या पेटीत टाकून देतो. पावती कन्नडमध्ये असते म्हणून वाचली जात नाही, हेही खरे. पण ती एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. घरपट्टीच्या मूळ रकमेवर काही उपकर लागलेले दिसतील. त्यांत शंभर रुपयांमागे तीन रुपये भिकारी उपकर असतो आणि शंभर रुपयांमागे सहा रुपये ग्रंथालय उपकर असतो. भिकाऱ्यांच्या नावाने कर घेतात हे ऐकून लोक हसतात. ग्रंथालयाच्या नावाने घेतात हे ऐकून मात्र कोणी हसत नाही, कारण ते कोणाला खरेच वाटत नाही.

हा कर घेताना तुमच्या घरात कोणती भाषा बोलतात, असे पंचायत विचारत नाही. आमच्या कोहिनूर भागात आणि सगळ्याच बिदर-कलबुर्गी सीमेवर मराठी घराला लागून कन्नड घर असते, पुढच्या गल्लीत दखनी बोलणारे घर असते, शिवारापलीकडे लमाणी तांडा असतो. सर्वांना दर एकच. कर घेताना जी समानता आहे ती पुस्तकांच्या कपाटापाशी का दिसत नाही, हा या भाषा विशेषांकाच्या निमित्ताने आमचा प्रश्न आहे. तो प्रश्न सरकारला आहेच, पण त्याआधी तो आम्हाला स्वतःला आहे. असे का म्हणतो, ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या समितीचे आम्ही चौघे सीमेवरच्या एका ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात गेलो होतो. गावाचे नाव घेत नाही. खोली झाडलेली होती, भिंतीला नवा रंग होता, कोपऱ्यात संगणक होता, चार पोरे कॅरम खेळत बसली होती. आम्ही जाताना मनात भांडण बांधूनच गेलो होतो. तिथला ग्रंथालय सांभाळणारा तरुण कन्नड भाषिक, पण मराठी आपल्यासारखेच बोलणारा. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि आम्ही काही बोलण्याआधीच कपाट उघडून दाखवले. कन्नड पुस्तके होती, स्पर्धा परीक्षांची होती, थोडी इंग्रजी होती. मराठी पुस्तके शोधून काढावी लागली. नऊ निघाली. त्यांतील दोनांना कव्हर नव्हते आणि एक जुने पंचांग होते.

आम्ही विचारले, मराठी वस्तीच्या गावात ही अशी अवस्था का? त्या तरुणाने वाद घातला नाही. टेबलाच्या खणातून त्याने दोन रजिस्टरे काढली, एक सभासदांचे आणि एक मागणीचे, आणि आमच्यापुढे ठेवली. म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच बघा. कुणी मागितलं असंल तर सांगा, मी वर कळवतो." आम्ही पाने चाळली. वर्षभरात मराठी पुस्तकाची एकही मागणी नव्हती. सभासदांत मराठी नावे होती, पण ती बहुतेक नोकरभरतीच्या पुस्तकांसाठी आलेल्या पोरांची. गावात मराठीसाठी आवाज उठवणारी जी मंडळी आहेत, ज्यांच्या गळ्यात आम्ही मोर्चात हार घातले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या रजिस्टरात नव्हते. ज्या गावचे आम्ही, त्या आमच्या गावच्या रजिस्टरात तरी आमचे नाव होते काय? नव्हते. परत येताना बसमध्ये आम्ही फारसे बोललो नाही.

आता थोडे कायद्याकडे वळू, कारण आपली अर्धी चूक कायदा माहीत नसण्याची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचा जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे. नारायणखेड, जहिराबाद आंध्रकडे. एका जिल्ह्यातील भावंडे तीन घरी दत्तक गेली. ग्रंथालयांचेही तसेच झाले. हैदराबाद राज्याने १९५५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. त्याआधी मद्रासने असा कायदा १९४८ साली केला होता. पुढे म्हैसूर राज्याने १९६५ मध्ये आपला कायदा केला आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये. या दोन कायद्यांची घडणच निराळी आहे.

महाराष्ट्रात ग्रंथालयासाठी कर नाही. तिथे गावातली मंडळी एकत्र येतात, संस्था नोंदवतात, पुस्तके जमवतात आणि सरकार अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान देते. अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये तिथे अकरा हजारांहून अधिक आहेत. उमरग्याला किंवा निलंग्याला पाहुणे म्हणून गेलो की चौकात अमुक सार्वजनिक वाचनालय अशी पाटी दिसते आणि आपला जीव तुटतो. कर्नाटकात मात्र ग्रंथालय हे सरकारचे काम आहे. त्यासाठी कर आहे, खाते आहे, पगारी माणूस आहे. म्हणजे तिथे वाचनालय लोक काढतात आणि सरकार मदत करते. इथे सरकार काढते आणि पैसे लोकांनी आधीच भरलेले असतात. आपण राहतो कर्नाटकात, पण वाचनालयाचा विचार करतो महाराष्ट्राच्या पद्धतीने. आपले घोडे इथेच पेंड खाते.

आमच्याच समितीचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मारुतीच्या देवळाशेजारची एक खोली मिळवून मराठी वाचनालय सुरू केले. पाडव्याला नारळ फुटला, पलीकडून पाहुणे आले, भाषणे झाली. सुमारे चारशे पुस्तके देणगीत मिळाली. देणगीतली पुस्तके म्हणजे काय असतात हे ज्याने मोजली त्यालाच ठाऊक. पतसंस्थांचे अहवाल, मागच्या अभ्यासक्रमाची गाईडे, कोऱ्या जुन्या डायऱ्या, एकाच कादंबरीचा फक्त दुसरा भाग. वाचण्याजोगी शंभरभर असतील. पहिले तीन महिने गर्दी होती. मग रोज संध्याकाळी बसायचे कोणी, हा प्रश्न आला. पगार द्यायला पैसे नव्हते. किल्ली आमच्यापैकी एका शिक्षकाकडे राहिली, त्याची बदली झाली, किल्ली त्याच्याबरोबर गेली आणि दोन पावसाळे ती खोली बंद राहिली. उघडली तेव्हा खालच्या दोन फळ्या वाळवीने खाल्लेल्या होत्या. यात कन्नड सरकारचा काय दोष? काही नाही. त्याच काळात शंभर पावलांवर पंचायतीचे ग्रंथालय होते, त्याला माणूस होता, कुलूप रोज उघडत होते, आमच्याच करावर ते चालले होते आणि आम्ही त्याच्या पायरीवर चढलो नव्हतो. ते आमचे नाही, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते.

मधल्या काळात आणखी एक बदल झाला आहे, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रंथालय खात्याकडून काढून ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे दिली. राज्यात अशी ५,६०० हून अधिक ग्रंथालये आहेत. त्यांना आता 'अरिवु केंद्र' म्हणतात. अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. शरणांच्या वचनांतला हा शब्द. कल्याणच्या मातीला तो परका नाही. नोव्हेंबर २०२० पासून 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, या नावाने सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत सभासद करून घेण्याची मोहीम सुरू झाली. योजना चांगली आहे, आम्ही मोकळेपणाने तसे म्हणतो. करोनात शाळा बंद असताना गावातल्या पोराला पुस्तक हाती देण्याचा विचार कोणा तरी अधिकाऱ्याच्या मनात आला, हे थोडे नव्हे.

या बदलाचा आपल्या दृष्टीने अर्थ एवढाच की ग्रंथालय आता आपल्या पंचायतीच्या अंगणात आले आहे. ज्याच्याशी बोलायचे तो माणूस पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी बसत होता. आता तो पीडीओ आहे, जो रस्त्याच्या, नळाच्या आणि रोजगार हमीच्या कामासाठी आपल्याला रोज भेटतो. गटाराचा ठराव ग्रामसभेत होतो, दिव्याच्या खांबाचा होतो. मराठी पुस्तकांचा ठराव आजवर किती ग्रामसभांत झाला? आमच्या आठवणीत एकाही नाही.

इथे कोणी म्हणेल की गुरुजी, सीमाप्रश्न सुटला की हे सगळे आपोआप होईल. तसे होवो. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो नाकारला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांविषयी पुन्हा ठराव केला. या मागणीपासून आम्ही एक पाऊलही मागे नाही. पण दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेले मूल आज शिक्षण संपवून पुण्याला किंवा हैदराबादला कामाला लागले आहे. त्याचे सगळे बालपण तारखा पडण्यात गेले. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर पोराने वाचायचे काय?

पोराने काय वाचायचे, हा प्रश्न आम्ही शिक्षक म्हणून विचारतो आहोत. वर्गात तपासणीसाठी कोणी आले की पाचवीतला मुलगा उभा राहून धडा घडाघडा वाचतो. साहेब खूश होतात. आम्हाला मात्र ठाऊक असते की तो वाचत नसून म्हणत आहे. वर्षभर तोच धडा, तीच ओळ. डोळे पुस्तकावर आणि जीभ पाठांतरावर. त्याच मुलाच्या हाती एखादी लग्नपत्रिका द्या, खताच्या पोत्यावरची माहिती द्या, आजचे वर्तमानपत्र द्या. तिसऱ्या शब्दाला तो अडखळतो. वाचता येणे म्हणजे पूर्वी न पाहिलेले वाचता येणे. त्यासाठी पाठ्यपुस्तकापलीकडचा कागद हवा, आणि ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज कागदच नाही तिथे तो ग्रंथालयातूनच यायला हवा. कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापते, ती शाळेत पोचतात. त्यांच्या पुढचे पुस्तक कुठेच नाही. मराठी शाळेतली पटसंख्या घसरते म्हणून आपण ओरडतो. पण मराठी शिकून पुढे वाचायला काही मिळत नाही असे दिसले, तर पालक पोराला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवणारच. त्याला दोष देण्याचे धैर्य आमच्यात नाही.

कन्नडच्या विरुद्ध हे लिखाण नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे मराठी शब्द उच्चारला की लगेच दुसऱ्या बाजूने अर्थ काढला जातो. कन्नडची एकही फळी कमी करा असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांना कन्नड उत्तम आले पाहिजे. या राज्यात नोकरी, कचेरी, कोर्ट सगळे त्या भाषेत आहे. आमचा वर्गातला अनुभव असा की ज्या मुलाचे मराठी वाचन पक्के असते तो कन्नडही लवकर पकडतो. ज्याला एकही भाषा धड वाचता येत नाही तो दोन्हीत लटकतो, आणि अशी लटकलेली मुले आमच्या भागात दरवर्षी दहावीच्या परीक्षेला बसतात.

घरातल्या बायकांचा विचार तर आपण करीतच नाही. सीमेवर सोयरिकी राज्य विचारून होत नाहीत. उमरगा, निलंगा, अक्कलकोटकडच्या लेकी सुना होऊन आमच्या गावांत येतात. त्यांतील कितीतरी जणी बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या असतात, काही बी.ए. झालेल्या. इथे आल्यावर एसटीची पाटीही त्यांना वाचता येत नाही. शिकलेली बाई एका दिवसात निरक्षर होते, आणि तिची ही अडचण कोणत्याही मोर्च्याच्या निवेदनात नसते. आमच्या ओळखीच्या एका घरी जूनमध्ये मुलाची नवी पुस्तके आली की आधी आई ती वाचून काढते. मराठीचे, परिसराचे, जे असेल ते. आठ दिवसांत पुस्तके संपतात. मग पुढच्या जूनपर्यंत तिच्या हाती काही नसते. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. मुलाचा अभ्यास कसा चालला आहे, असे विचारले तेव्हा हसत सांगितले. पंचायतीच्या ग्रंथालयात ती जाईल का? आज नाही जाणार, कारण तिथे दिवसभर पुरुष बसलेले असतात आणि तिच्यासाठी तिथे पुस्तकही नाही. आठवड्यात दोन दुपारी एक तास फक्त बायकांसाठी ठेवला आणि वीस बरी मराठी पुस्तके ठेवली, तर ती येईल, आणि शेजारणीलाही घेऊन येईल. यासाठी कोणत्या न्यायालयाचा निकाल लागतो?

आता हक्काचे बोलू. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सांगितले आहे. मुख्यमंत्र्यांच्या १९६१ च्या परिषदेत असेही ठरले की ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी अल्पसंख्य भाषा पंधरा टक्के लोक बोलतात तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत द्याव्यात. या दोहोंत ग्रंथालयाचा उल्लेख नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 'घटनेत लिहिले आहे, मराठी पुस्तके द्या' असे सभेत ठोकून देणारे पुढारी आपली फसवणूक करतात, आणि अधिकाऱ्याने कलम दाखवा म्हटले की तोंडघशी पडतात. आपला खरा आधार दुसरा आहे. म्हैसूरचा १९६५ चा कायदा ज्यांच्या विचारावर उभा आहे ते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांतले एक सूत्र असे की जो वाचक येईल त्याला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. रंगनाथन तमिळ, आयुष्याचा शेवटचा काळ त्यांनी बंगळूरला काढला. मराठी वाचकाच्या हाती त्याला न येणाऱ्या लिपीतले पुस्तक देणे म्हणजे त्याला पुस्तक देणे नव्हे, एवढे समजायला त्यांचे सूत्र पुरेसे आहे. शिवाय कर भरलेला आहे. कर भरणाऱ्याने सेवा मागणे याला भाषिक वाद म्हणता येत नाही.

आणि जे आपण मागतो ते दुसऱ्यालाही मिळावे असे आपल्याला वाटले पाहिजे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत भागात कन्नड भाषिक मोठ्या संख्येने आहेत. तिथे कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पुस्तके छापते. तिथल्या वाचनालयांत कन्नड फळी असावी, अशी मागणी आपण इथून केली तर आपल्या तोंडचा शब्द जड होईल. केरळातल्या कासरगोडच्या कन्नड माणसांचे दुखणे कर्नाटक सरकार नेहमी मांडते, आणि ते योग्यच करते. कासरगोडला जे न्याय्य ते कोहिनूरला अन्याय्य कसे ठरेल?

फळीवर काय असावे याचाही विचार झाला पाहिजे, नाहीतर पुन्हा पतसंस्थांचे अहवालच जमतील. लहान मुलांसाठी मोठ्या टाइपाची, चित्रांची पुस्तके प्रथम. साने गुरुजी, अण्णा भाऊ साठे हवेत. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' हवी, कारण तिच्यातला मराठवाडा आपल्या ओसरीवरचाच आहे. अनंत भालेराव यांचा हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचा ग्रंथ हवा. आपल्या आजोबांनी काय सोसले ते नातवाला कोठून कळणार? मन्मथस्वामींचे 'परमरहस्य' हवे. आपल्या भागातल्या लिंगायत घरांत ही मराठी पोथी पिढ्यान्पिढ्या वाचली गेली आहे, आणि भाषेच्या भिंती जातीच्या किंवा पंथाच्या भिंतींवर बसत नाहीत याचा तो धडधडीत पुरावा आहे. कन्नडचे मराठीत आलेले साहित्यही हवे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांचे 'वंशवृक्ष' मराठीत आणले, कारंतांची पुस्तके आणली. शेजाऱ्याच्या घरात काय चालते ते आपल्या भाषेत वाचायला मिळाले तर अर्धी अढी तिथेच सुटेल. शेती, आरोग्य, कायदा यांची साधी पुस्तके हवीत आणि रोज एक मराठी दैनिक हवे. पेपर वाचायला आलेला म्हातारा उद्या नातवाला हाताला धरून आणतो, हे आम्ही पाहिले आहे.

प्रत्येक गावात एवढे जमेल काय? सुरुवातीला नाही जमणार. इथे बडोद्याचे उदाहरण आठवते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणला आणि पुढच्याच वर्षी फिरती ग्रंथालये सुरू केली. लाकडी पेटीत पुस्तके भरायची, पेटी गावाला पाठवायची, वाचून झाली की ती पुढच्या गावाला. वाहतुकीचे भाडे संस्थान भरीत असे. गावाला कायमचे ग्रंथालय हवे असेल तर गावाने जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, आणि ग्रंथालयांत दोन्ही भाषांची पुस्तके. महाराज मराठी आहेत म्हणून गुजराती फळी रिकामी राहिली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे विनायक रानडे यांनी २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' ही पुस्तकांच्या पेट्यांची योजना चालवली, ती परदेशापर्यंत गेली. दुबईला पेटी जाते, मग उमरग्याहून सीमा ओलांडून कोहिनूरला का येऊ नये? कोहिनूर हे होबळीचे ठिकाण आहे, नाडकचेरीच्या कामाला आसपासच्या गावांची माणसे येतातच. शंभर पुस्तकांची पेटी इथे ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी गाव बदलायचे. पेटी अरिवु केंद्रातच ठेवायची, देवळाशेजारच्या बंद खोलीत नाही.

पैशाचे मार्ग आहेत. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून केंद्र सरकारच्या पैशातून देशभरच्या ग्रंथालयांना पुस्तके पुरवते. ३७१ (जे) कलमामुळे कल्याण कर्नाटकच्या विकासासाठी स्वतंत्र मंडळ आहे, त्याच्या निधीतून रस्ते आणि शाळाखोल्या होतात. सीमेवरच्या पंचायतींतील ग्रंथालयांत बहुभाषिक पुस्तके घेण्यासाठी त्यातला अगदी लहान हिस्सा मिळावा, अशी मागणी आमदारांकडे आजवर कोणी केली आहे काय? महाराष्ट्र सरकारलाही आमचे सांगणे आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, फटाके आम्हीही उडवले. एप्रिल २०२२ मध्ये साहित्य संमेलन उदगीरला झाले, म्हणजे आमच्या जुन्या जिल्ह्यात झाले, आम्ही ट्रॅक्स करून गेलो, पुस्तकांच्या दालनांतून फिरलो, खिशात होते तेवढ्याची पुस्तके घेतली आणि रात्री सीमा ओलांडून परत आलो. सीमाभागासाठी घोषणा पुष्कळ झाल्या. त्याऐवजी वर्षाला प्रत्येक गावामागे पन्नास निवडक पुस्तके थेट पंचायतीच्या ग्रंथालयाला भेट म्हणून पाठवली, तर ती नाकारायला कोणाला तोंड राहणार नाही.

बिदरला महमूद गवानने १४७२ मध्ये मदरसा बांधला, तेव्हा त्यात तीन हजार हस्तलिखिते होती असे इतिहास सांगतो. सहलीला मुलांना तिथे नेले की आम्ही हा आकडा सांगतो आणि मुले विचारतात, सर, आता कुठे आहेत ती पुस्तके? सतराव्या शतकाच्या शेवटी स्फोटात इमारतीचा मोठा भाग पडला, असे उत्तर आम्ही देतो. आपल्या गावच्या कपाटाविषयी तोच प्रश्न कोणी विचारला तर आमच्याकडे स्फोटाचेही कारण नाही.

समितीने पुढील काम असे ठरवले आहे. अर्जाचा मसुदा मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत तयार आहे. त्यात तीनच मागण्या आहेत: मराठी पुस्तकांची स्वतंत्र फळी, एक मराठी दैनिक, आणि बायकांसाठी आठवड्यातून दोन दुपारी राखीव वेळ. प्रत्येक गावाने आधी निदान पंचवीस सभासद करावेत, त्यांत दहा स्त्रिया असाव्यात. सहा ते अठरा वयाच्या मुलांना सभासद होण्यास पैसे पडत नाहीत, तेव्हा मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाचे नाव घालण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची. ज्याला जे पुस्तक हवे ते त्याने मागणीच्या रजिस्टरात स्वतःच्या हाताने, तारीख घालून लिहावे. सही येत नसेल तर अंगठा चालतो. त्यानंतर अर्ज पीडीओंना द्यावा आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडावा. ठरावाला गावातल्या एखाद्या कन्नड भाषिकाने अनुमोदन दिले तर उत्तम. असे शेजारी प्रत्येक गावात आहेत, आपण त्यांना विचारत नाही एवढेच. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी आणि ती पोच या वेळी तरी पत्र्याच्या पेटीत न टाकता समितीकडे आणून द्यावी.